चोर सोडून कन्व्हर्टरला फाशी

पत्र : नमस्कार. बाबांची अकरा वर्षांची पेट्रोल गाडी दोन वर्षांपासून मी वापरते. गेल्या आठवड्यात ती धुराच्या तपासणीत नापास झाली. धूर म्हणावा तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, चेक इंजिनचा दिवाही लागलेला नाही. रिपोर्ट असा आहे : स्लोवर सीओ १.६ टक्के, एचसी २६० पीपीएम, ऑक्सिजन ०.१ टक्का, लॅम्डा ०.९६. रेस करून सीओ १.२, एचसी १४०, लॅम्डा ०.९७. गॅरेजवाला म्हणतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) गेलाय, नवा टाका. त्याने सांगितलेली किंमत ऐकून मी गाडी घेऊन सरळ घरी आले. शेजारचे काका म्हणतात, टाकीत औषधाची बाटली ओता. दिराचा मित्र म्हणतो, कागदच हवा ना, तो मिळवून देतो. माझं चालवणं म्हणजे सकाळी मुलीला शाळेत सोडून ऑफिस, सगळं मिळून तीन किलोमीटर. पूर्वी पोचेपर्यंत निदान टेम्परेचरचा काटा मधोमध यायचा, हल्ली लांब गेलं तरी येत नाही. ॲव्हरेजही पडलंय, पण जुनी गाडी म्हटल्यावर चालायचंच. कन्व्हर्टर टाकू, की गाडीच काढून टाकू?
— तीन किलोमीटरवाली

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. हल्ली लांब गेलं तरी काटा मधोमध येत नाही, हे ते वाक्य. गॅरेजवाल्याला हे सांगितलं होतं का? बहुधा नसेल, कारण त्याने विचारलंच नसणार. कन्व्हर्टरची ऑर्डर देऊ नका आणि गाडीही विकायला काढू नका. आधी आपण दोघं मिळून तुमचा रिपोर्ट वाचू.

लोक रिपोर्टवर फक्त ‘पास’ की ‘नापास’ एवढंच बघतात आणि कागद गाडीच्या कप्प्यात कोंबतात. खरं तर रक्ताच्या रिपोर्टइतकीच माहिती त्यात असते. तुमचा शेवटचा आकडा बघा, लॅम्डा. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. नेमकं तेवढं मिश्रण असेल तर लॅम्डा १. आकडा एकाच्या वर गेला की हवा जास्त, खाली आला की पेट्रोल जास्त. तुमचा ०.९६ आहे, म्हणजे गाडी रिच चालते आहे. गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिते आणि ते नीट न जळता सीओच्या रूपाने मागून बाहेर पडतं. ॲव्हरेज पडलंय ते यामुळेच. ‘जुनी गाडी, चालायचंच’ म्हणून तुम्ही ज्याला माफ केलं तेच मुळात दुखणं आहे. आणि धूर दिसत नाही याचं नवल नको. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास.

आता कन्व्हर्टरकडे येऊ. त्याचं काम असतं सीओ आणि अर्धवट जळालेलं पेट्रोल (तेच ते एचसी) ऑक्सिजनशी मिसळून पुरतं जाळून टाकणं. त्यासाठी धुरात थोडा तरी ऑक्सिजन शिल्लक लागतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तो आहे ०.१ टक्का. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आज कोरा करकरीत कन्व्हर्टर बसवलात तरी लॅम्डा ०.९६ वर गाडी पुन्हा नापास होईल. तुमचा कन्व्हर्टर चांगला आहे असं मी म्हणत नाही. तो चांगला की वाईट हे लॅम्डा एकावर आल्याशिवाय कुणालाच ठरवता येणार नाही, गॅरेजवाल्यालाही नाही.

हे मी अनुभवाने शिकलेलं आहे, आणि शहाणपणाने नव्हे, पैसे घालवून. माझी जुनी गाडी अशीच नापास झाली तेव्हा एका गॅरेजमध्ये ‘कॅट गेलाय’ ऐकलं आणि मान डोलावली. नवा बसला, गाडी पास झाली, मी खूश. काही महिन्यांतच उतारावर ती खोकल्यासारखी करायला लागली आणि चढावर ओढेनाशी झाली. कन्व्हर्टर खोलून बघितला तर आतली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी एका बाजूने वितळून गोळा झालेली. मूळ कारण होतं तिसऱ्या सिलिंडरची कॉइल. ती मधूनच ठिणगी द्यायची नाही, न जळालेलं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटायचं. पहिला कन्व्हर्टर तिनेच मारला होता आणि दुसरा मी तिच्या तोंडी दिला. कन्व्हर्टर आपण होऊन क्वचितच मरतो. त्याला बहुतेक वेळा पुढचं कुणीतरी मारतं : न जळालेलं पेट्रोल, जळणारं इंजिन ऑइल, सिलिकॉनचं सीलंट, पूर्वीच्या काळी पेट्रोलमधलं शिसं.

शिशाची गोष्ट मोठी गमतीची आहे. युजीन हूड्री या फ्रेंच इंजिनिअरने अमेरिकेत १९५० च्या दशकातच गाड्यांसाठी असा कन्व्हर्टर तयार केला होता. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं घालत, आणि शिशाचा थर बसला की आतला प्लॅटिनमसारखा धातू निकामी. अमेरिकेतल्या गाड्यांवर तो सरसकट बसला तो १९७५ च्या मॉडेलांपासून, शिसं नसलेलं पेट्रोल पंपावर आल्यानंतर. तुमच्याकडे आहे त्या जातीचा, सीओ, एचसी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असे तिन्ही आवरणारा कन्व्हर्टर नीट चालायला आणखी एक गोष्ट यावी लागली : १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसलेला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा बॉशचा लॅम्डा सेन्सर. कारण हा कन्व्हर्टर फक्त लॅम्डा एकच्या अगदी आसपासच तिन्ही कामं करतो. जरा इकडेतिकडे झालं की एखादं काम सुटतंच. म्हणजे सेन्सर, मिश्रण आणि कन्व्हर्टर हे एकत्र कुटुंब आहे. त्यातल्या सगळ्यात महागड्या माणसावर आधी आळ घ्यायचा, ही गॅरेजची जुनी खोड.

तर मग तुमच्या गाडीत जास्तीचं पेट्रोल ओततंय कोण? माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर आहे.

इंजिन गार असताना गाडीचा ईसीयू (म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, नाहीतर गाडी नीट चालणार नाही. कूलंट (इंजिनाभोवती फिरून त्याला गार ठेवणारं द्रव) तापलं की तो हात आखडता घेतो. कूलंट लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट सुरुवातीला बंद ठेवते. ती उघडीच अडकली तर इंजिन तापू बघतं आणि रेडिएटर त्याला गार करत राहतो. काटा मधोमध येत नाही आणि ईसीयूला वाटतं, अजून पहाटच आहे. कूलंटचा सेन्सर बिघडून खोटं गार तापमान सांगत असेल तरी परिणाम तोच.

हे घरी तपासता येतं. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून चालू करा. रेडिएटरला वरून जाणारी जाड रबरी नळी हाताने चाचपा. थर्मोस्टॅट चांगला असेल तर ती बराच वेळ थंड राहते, मग एकदम गरम होते, हाताला चटका जाणवेल इतकी. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली तर झडप उघडी आहे. ओढणी, बाही, केस पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा, पंखा न सांगता सुरू होतो. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही.

त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढा. कागदावर पुसा आणि वास घ्या. हसू नका, खरंच घ्या. रोज तीन किलोमीटर चालून बंद होणाऱ्या गाडीत सिलिंडरच्या भिंतीवरचं न जळालेलं पेट्रोल खाली ऑइलमध्ये झिरपतं. लांबचा पल्ला मारला तर ते उडून जातं. तुमची गाडी तेवढी तापतच नाही, म्हणून साचत जातं. कागदाला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर चढलेली दिसली, तर तेच झालंय. तपासणीच्या वेळी गाडी तापवली की त्या पेट्रोलची वाफ क्रँककेसच्या (इंजिनाच्या तळच्या, ऑइल असतं त्या भागाच्या) नळीतून परत इंजिनात ओढली जाते. इंजेक्टरने न मोजलेलं हे पेट्रोल सीओ चढवतं. नुसतं ऑइल आणि फिल्टर बदलून सीओ उतरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. शेवटचं ऑइल कधी बदललं ते तुम्ही लिहिलं नाही. बदलून टाका, पण थर्मोस्टॅट आधी, नाहीतर नवं ऑइलही त्याच वाटेने जाईल.

एवढ्याने भागलं नाही तर स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले बिघाडांचे कोड आणि आकडे वाचणारं यंत्र, लावणारा मेकॅनिक गाठा. दिवा लागलेला नाही म्हणून स्कॅनर लावायचा नाही हा गैरसमज आहे. कित्येक बिघाड ईसीयू टिपून ठेवतो, पण दिवा लावायच्या थराला ते गेलेले नसतात. (चावी फिरवल्यावर तो दिवा एकदा लागून विझतो ना, तेही बघा. लागतच नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय.) त्याला म्हणा, कोड पुसू नका, आधी लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे, दाखवा. तीन गोष्टी बघायच्या. अर्धा तास चालवल्यावर कूलंटचं तापमान किती? बहुतेक गाड्यांत ते ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात असतं. तुमचं साठाच्या खाली दिसलं तर वर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवा. दुसरं, पुढचा ऑक्सिजन सेन्सर (वरचा लॅम्डा सेन्सर तो हाच). साध्या जातीचा असेल तर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत झोका घेत असतो. ०.१ च्या आसपास चिकटून बसला असेल तर तो ईसीयूला ‘पेट्रोल कमी आहे’ म्हणून सांगतोय आणि ईसीयू बिचारा ओतत सुटलाय. इथे सेन्सरच खोटारडा. पण तो ०.८–०.९ वर चिकटलेला असेल तर तो खरं बोलतोय : मिश्रण खरोखरच रिच आहे. तिसरी गोष्ट म्हणजे फ्युएल ट्रिम. ईसीयू नेमून दिलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कापतोय, तो हा आकडा. सेन्सर रिच सांगतोय, ट्रिम खूप उणे गेलाय आणि तरी लॅम्डा खालीच आहे, तर पेट्रोल भलत्या वाटेने येतंय : गळणारा इंजेक्टर, जास्त झालेलं फ्युएल प्रेशर, किंवा टाकीतली वाफ ओढणारा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला. काही गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो, तिथे व्होल्टेजचा हा हिशोब चालत नाही. मेकॅनिकला ते कळेल. कळत नसेल तर मेकॅनिक बदला.

प्लग आणि कॉइल तुमच्या बाबतीत मी खाली ठेवतोय, त्याला कारण आहे. एखादा सिलिंडर मिसिंग करत असता, म्हणजे मधूनच पेटत नसता, तर एचसी सहज कित्येक शेकड्यांवर गेलं असतं आणि न वापरलेला ऑक्सिजनही वाढलेला दिसला असता. तुमचा ०.१ आहे, आणि रेस केल्यावर एचसी खाली येतंय. ऑक्सिजनच्या त्याच आकड्यावरून आणखी एक कळतं : सायलेन्सरला भोक पडून बाहेरची हवा आत शिरत नाहीये, म्हणजे रिपोर्टवर विश्वास ठेवायला हरकत नाही. एअर फिल्टर मात्र उघडून बघा. दोन क्लिपांचं काम आहे. प्लग खोललेच तर टोकाला कोरडी काळी काजळी दिसेल, हात लावला तर बोटाला लागेल अशी. मग रिचवर शिक्कामोर्तब.

काकांची बाटली. इंजेक्टर थोडे चोंदले असतील तर चांगलं क्लीनर कधी कधी मदत करतं. पण उघडी अडकलेली झडप बाटलीने मिटत नाही आणि खोटं बोलणारा सेन्सर खरं बोलायला लागत नाही. काकांचा मान ठेवायचा तर ठेवा, अपेक्षा ठेवू नका.

दिराच्या मित्राचं मात्र ऐकू नका. कायद्याचं सोडा, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कागद मिळाला तरी गाडी रोज जास्तीचं पेट्रोल पीतच राहणार, त्याचं बिल तुमच्याच नावावर. ते न जळालेलं पेट्रोल, आज कदाचित धडधाकट असलेला कन्व्हर्टरही खाऊन टाकेल. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी सीओला चिकटतं. मागच्या सीटवर तुमची मुलगी बसते. सायलेन्सरला उद्या जोडापाशी चीर गेली तर हा वायू थेट खालून वर येतो. सकाळच्या तपासण्या करताना गाडी बंद गॅरेजात चालू ठेवू नका, दार उघडं असलं तरी बाहेर काढूनच करा. कागदाची चलाखी मोठमोठ्यांनाही पचलेली नाही. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत घातलं होतं. रस्त्यावर चालवून मोजल्यावर आकडे जुळेनात आणि २०१५ मध्ये सगळं बाहेर आलं.

दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणीला जाताना निदान अर्धा तास गाडी चालवून मग जा. कन्व्हर्टर साधारण २५०–३०० अंशांना जागा होतो. त्याआधी तो नुसता लोखंडाचा डबा. रांग मोठी असेल आणि गाडी वीस मिनिटं स्लोवर उभी राहिली तर तो पुन्हा गार पडू शकतो. नंबर जवळ आला की न्यूट्रलमध्ये दोनेक मिनिटं अडीच हजार आरपीएमवर धरा, एसी बंद ठेवा. याला लबाडी म्हणत नाहीत, चाचणी गरम इंजिनवरच घ्यायची असते. एक खबरदारी : ज्या तपासणीत गाडीला ओबीडीची (ईसीयू वाचण्याच्या सॉकेटची) वायर लावतात, तिथे आदल्या दिवशी कोड पुसून किंवा बॅटरी काढून जाऊ नका. गाडीच्या अंतर्गत तपासण्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिश्र चालवणं लागतं, आणि त्या अपुऱ्या दिसल्या की तुम्हाला तसंच परत पाठवतील.

लॅम्डा एकावर आला, इंजिन तापलेलं आहे, आणि तरीही सीओ वर राहिला, तर कन्व्हर्टरवर खुशाल आरोप ठेवा. थंड असताना त्याच्या डब्यावर रबरी हातोडीने हलकं टकटक करायला सांगा. आत खडखडलं तर जाळी तुटलीय. स्कॅनरवर पी०४२० हा कोड येणं म्हणजेही कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असा इशारा. मग तो बदला, आणि मनाची टोचणी न ठेवता बदला, कारण त्याला मारणारा तोवर पकडलेला असेल.

गाडी काढायची का, याचं उत्तर मी मशीनच्या रिपोर्टवरून देणार नाही, कॉम्प्रेशनवरून, म्हणजे सिलिंडर हवा किती जोराने दाबतो त्यावरून, देईन. निळसर धूर येत असेल, दर महिन्याला ऑइल भरावं लागत असेल आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन बसलेलं निघालं, तर विचार करा. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. एक थर्मोस्टॅट आणि ऑइल बदलण्यावर बाबांची गाडी निकालात काढणं मला पटत नाही. मात्र रोजचे तीन किलोमीटर कुठल्याच पेट्रोल गाडीला धार्जिणे नाहीत. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर काढा, सरळ चौथ्या गिअरला. ऑइलमधलं पेट्रोल उडून जाईल आणि तुमचंही जरा फिरणं होईल.

डिझेल गाडीवाल्यांची पत्रंही बरीच आहेत, त्यांना पुढच्या वेळी सविस्तर. तूर्त एवढंच, की तुमच्याकडे मोजतात ते धुराचं काळेपण. एअर फिल्टर, टर्बोच्या पुढची फाटकी नळी, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इंजेक्टर या क्रमाने बघा, आणि वरची आकडेमोड तुमच्या गाडीला लावू नका.

ता. क. : तोवर चालवू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. तपासणी केंद्राने दुरुस्तीला जी मुदत दिली असेल तिच्या आत दुरुस्तीपुरती चालवा. मधेच चेक इंजिनचा दिवा लागून उघडझाप करायला लागला तर बाजूला घेऊन बंद करा. तो मिसिंगचा दिवा असतो, आणि तेवढ्या काही किलोमीटरांत कन्व्हर्टर वितळतो. माझा तसाच गेला होता, मी म्हटलं होतं, घरापर्यंत जाऊ.